बावीस इंचांचं कपाट आणि बिल्ट-इन ओव्हन: शहापूरच्या घरातल्या नोंदी

१३ एप्रिल २०२५

घर बेळगावच्या शहापुरातलं, जुनं. स्वयंपाकघर दहा बाय आठ. बायको घरून केक, ब्रेड आणि दिवाळीत नानकटाईच्या ऑर्डरी घेते. आजवर सगळं ओट्यावरच्या २८ लिटरच्या ओटीजीवर (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) चाललं. त्यात एका वेळी एकच ट्रे बसतो, बाहेरून तो भाजतो इतका तापतो आणि ओट्याची निम्मी जागा अडवतो. आई अजून सांगते की पूर्वी पीठ-तूप-साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं, नंबर लावायचा आणि पत्र्याचे डबे भरून नानकटाई घरी आणायची. आता ती भट्टी घरात हवी आहे. ६५ लिटरचा बिल्ट-इन, म्हणजे कपाटात बसवायचा, ओव्हन घ्यायचं ठरलं.

मी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपमध्ये कामाला आहे. माप घेणं हेच रोजचं काम. तरी या कामात पहिली चूक मापाचीच झाली, म्हणून ही वही सुरुवातीपासून नीट लिहितोय. आमच्यासारखं आधीचं कपाट फोडून ओव्हन बसवणाऱ्यांना उपयोग व्हावा.

आज पहिला विचार ओट्याखाली, शेगडीच्या खाली बसवायचा होता. ओटा जमिनीपासून ३२ इंच. वरचा ग्रॅनाइट आणि त्याखालचा कडप्पा सोडून उंची पुरते. पण आमचा ओटा कडप्प्याच्या उभ्या फरशांवर उभा आहे आणि दोन उभ्यांमधलं अंतर आतून २१ इंच, म्हणजे ५३३ मिमी. ओव्हनला किमान ५६० लागतात. उभा कडप्पा कापला किंवा सरकवला तर वरच्या ग्रॅनाइटचा आधार जातो. शिवाय गॅसची नळी बरोबर त्या कप्प्यातून जाते. ओट्याखालचा बेत रद्द. आईला वाकावंही लागलं असतं, ते टळलं. जुन्या पद्धतीचा कडप्प्याचा ओटा असेल त्यांनी आधी उभ्यांमधलं अंतर मोजावं, मगच ओव्हनच्या दुकानात पाऊल टाकावं.

मग नजर गेली कोपऱ्यातल्या उंच कपाटाकडे. दोन वर्षांपूर्वी खानापूर भागातल्या मिस्त्रीमामांनी धान्याच्या डब्यांसाठी केलेलं. सात फूट उंच, १८ मिमीचा प्लाय, आतून बाहेरून लॅमिनेट. मामांना फोन करून विचारलं, आतून रुंदी किती? म्हणाले, "बावीस इंच." मी वहीत लिहिलं: ५६०. तिथेच फसलो.

१९ एप्रिल

ओव्हन आला. ४२,५०० रुपये. वजन ३४ किलो. दोघांनी उचलावा आणि दाराच्या मुठीला हात लावू नये. दाराला धरून उचलला तर बिजागरी वाकते आणि मग दार कधीच घट्ट बसत नाही. दार आणि आतले ट्रे काढून ठेवले की वजन बरंच हलकं होतं.

पुस्तिकेतलं चित्र असं सांगतं: पुढचा चेहरा ५९५ बाय ५९५ मिमी. मागचं धड रुंदीला ५५६. कपाटातली मोकळी जागा रुंदीला ५६० ते ५६८, उंचीला ६००, खोलीला किमान ५५०. आजूबाजूचं लाकूड, डिंक आणि काठाची पट्टी ९० अंश सेल्सिअस सोसणारी हवी.

५६८ च्या वर का जायचं नाही, हे चेहऱ्याच्या कडेची भोकं पाहिल्यावर कळलं. ओव्हन कपाटाला चार स्क्रूंनी धरला जातो आणि ते स्क्रू बाजूच्या प्लायच्या पुढच्या काठात जातात. जागा जास्त रुंद केली तर स्क्रूला प्लायच लागत नाही, हवेत फिरतो. म्हणजे खालून ५६० आणि वरून ५६८, अवघ्या ८ मिमीत काम बसवायचं. आमच्या शॉपमध्ये ८ मिमी म्हणजे मैदान. सुतारकामात ती फार कमी जागा आहे, हे पुढे कळलं.

उंची ठरवायला रिकामं खोकं वापरलं. स्टुलावर पाट, त्यावर खोकं, पुढे दाराच्या जागी पुठ्ठा आडवा लावला. आई आणि बायको दोघींना रिकामा ट्रे धरून आत-बाहेर करायला लावला. आधी तळ ३६ इंचांवर ठेवला होता. आईला मागची कड दिसेना, आणि गरम ट्रे तिच्या छातीच्या वर आला. खाली उतरवत उतरवत ७०० मिमीवर दोघींचं जमलं. अर्धा तास गेला, पण सगळ्या कामातला हा अर्धा तास मला सर्वांत मोलाचा वाटतो. ट्रेमध्ये दोन किलोचा तापलेला ऐवज असतो आणि तो उचलणारी बाई किती उंच आहे यावर फळी कुठे मारायची हे ठरतं. कुठल्याही पुस्तिकेतला आकडा तिथे चालत नाही.

२१ एप्रिल

मी कामावर. मामा एकटेच. जुन्या तीन फळ्या काढल्या, ओव्हनची तळफळी ७०० वर आणि छताची फळी त्याच्यावर ६०० सोडून मारली. तळफळीखाली दोन्ही बाजूंना आणि मागे सागवानी पट्ट्यांचा आधार दिला. १८ मिमीची फळी नुसत्या स्क्रूंवर ३४ किलो आणि वर भरलेले ट्रे वर्षानुवर्षं पेलणार नाही, हे मामांनीच सांगितलं आणि ते बरोबर आहे.

मग त्यांनी सात फुटी शटर (कपाटाचं दार) कापून दोन केली, एक वर, एक खाली. कापलेल्या काठाला लॅमिनेटचे टवके उडाले. बिजागऱ्यांची ३५ मिमीची भोकं नव्यानं पाडली. संध्याकाळी घरी आलो तेव्हा सगळं कापून झालेलं. मनाला खटकलं, पण बोललो नाही. ओव्हन एकदा आत सरकवून बघितल्याशिवाय शटर कापायचंच नव्हतं. हे मी सकाळी निघताना सांगायला हवं होतं.

२३ एप्रिल

मामा, त्यांचा हेल्पर आणि मी. ओव्हन उचलून तळफळीवर टेकवला, हळूहळू सरकवला. आठ इंच आत गेला आणि थांबला.

"जरा दाबा की, बसतंय," मामा म्हणाले.

दाबलं नाही. धडाच्या बाजूला पत्र्याचे रिव्हेट आहेत, पत्रा पातळ आहे, आत काचलोकर भरलेली असते. ठोकून बसवला तर पुन्हा काढता येणार नाही. ओढून बाहेर काढताना उजव्या बाजूचं आतलं लॅमिनेट बोटभर खरवडलं गेलं.

मामांनी टेप लावली. "हे बघा वो दादा, बावीस इंच. कशाला काळजी करतासा?"

टेपवर बावीस इंचच होते. त्यांचं काही चुकलं नव्हतं. २२ इंच म्हणजे ५५८.८ मिमी. फोनवर ऐकलं तेव्हा मी ते ५६० धरले. आणि ते बावीस इंचही लॅमिनेट लावायच्या आधीचे, प्लायपासून प्लायपर्यंतचे.

मामांचा दिवस गेला, हेल्परचाही. ओव्हन परत खोक्यात.

२४ एप्रिल

शॉपमधून ६०० मिमीचा व्हर्नियर (मिमीचा अंशही मोजणारं माप) घरी आणला. तो कपाटाच्या आत आडवा धरता येत नाही. म्हणून दोन लाकडी पट्ट्या एकमेकींवर ठेवून बाहेरच्या बाजूला सरकवल्या, दोन्ही टोकं भिंतींना टेकली की मधे क्लॅम्प आवळला, पट्ट्या बाहेर काढल्या आणि व्हर्नियरवर मोजल्या. टेपच्या टोकाचा हूक सैल झाला असेल तर होणारी चूक यात येत नाही.

पुढे ५५८.२. मध्ये ५५६.७. मागे ५५७.३.

धड ५५६. मध्यभागी दोन्ही बाजूंना मिळून पाऊण मिमीसुद्धा मोकळं नाही, आणि रिव्हेटची डोकी वेगळी. मध्ये बाजू आत फुगल्या आहेत, कारण जुन्या मधल्या फळीचे स्क्रू आवळताना प्लाय ओढला गेला. म्हणून पुढच्या तोंडाशी एकदा माप घेऊन भागत नाही. पुढे, मध्ये, मागे, आणि वर-खालीसुद्धा मोजायचं. सगळ्यांत लहान आकडा धरायचा.

हे लिहून ठेवतो, मिस्त्रींशी बोलताना लागेल. त्यांचं माप इंच आणि सुताचं, एका इंचात आठ सूत. २२ इंच म्हणजे ५५८.८, ओव्हन अडकतो. २२ इंच १ सूत म्हणजे ५६२, बरोबर बसतो. मोकळी उंची ६०० हवी असेल तर २३ इंच ५ सूत सांगायचं. सरळ "दोन फूट" सांगितलं तर ती ६०९.६ होते, ५९५ चा चेहरा वरची फट झाकू शकत नाही. एका सुताचा हा प्रश्न होता.

आतलं लॅमिनेट काढून बघू का, असं मामांनी विचारलं. ते ०.८ मिमीचं, दोन्ही बाजूंचं मिळून १.६ मिळाले असते. पुरत नाही. रंधा मारून प्लाय पातळ करायचा हा दुसरा विचार, तोही सोडला. प्लायचे थर उघडे पडतात आणि उष्णतेला तेच आधी सुटतात. कपाट सोडवून आडव्या फळ्या लांब करणं हाच मार्ग.

२६ एप्रिल

मामा येईपर्यंत ओव्हन चालतो तरी का, हे बघायचं होतं. काही बिघाड असेल तर बदलून घ्यायची मुदत निघून जाईल ही भीती. जमिनीवर फरशीवर ठेवून स्वयंपाकघरातल्या मोठ्या पॉइंटला जोडला. ओव्हन २,९०० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टला साडेबारा अँपिअरच्या वर. वीस मिनिटांत प्लगच्या पिना हात लावता येऊ नये इतक्या तापल्या, बोर्डाला वास यायला लागला. बंद केला.

बोर्ड उघडला. बाहेर १६ अँपिअरचं सॉकेट, आत १.५ चौरस मिमीची वायर, आणि त्याच वायरवर फ्रिज आणि मिक्सर. सॉकेट मोठं दिसतं म्हणून मागची वायर जाड असेलच असं नाही. जुन्या घरांत तर हमखास उघडून बघावं. ओव्हन मात्र ठीक आहे, एवढं कळलं.

२९ एप्रिल

शिवजयंती. बेळगावात ती तिथीने, वैशाखात होते. मामांच्या मुलाचं मंडळ चित्ररथाच्या तयारीत, मामाही तिकडेच. या आठवड्यात सुतारकाम होणार नाही. मीही मिरवणुकीला जाणार. दरम्यान फळ्यांचा हिशेब कागदावर काढला.

प्लायपासून प्लायपर्यंत ५६४. दोन्हीकडचं आतलं लॅमिनेट आणि फेव्हिकॉलचा थर मिळून २ मिमी. मोकळी जागा ५६२. कपाटाची बाहेरची रुंदी सुमारे ५ मिमीनं वाढेल. भिंतीच्या बाजूला २५ मिमीची भरणीची पट्टी आहे, तीच तेवढी कमी करायची. शेजारी फ्रिज असता तर हे जमलं नसतं.

४ मे

दुकानातून ७१० ग्रेडच्या (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायचं पूर्ण शीट आणलं, ११८ रुपये चौरस फुटाने ३,७७६ रुपये. अर्धं शीट मिळालं नाही. उरलेलं ठेवून देऊ. "१८ मिमी" असा शिक्का आहे, मोजलं तर कुठे १७.५, कुठे १८.२. ज्यांना आकड्यांवरून हिशेब करायचा आहे त्यांनी शिक्का सोडून हातातला प्लाय मोजावा.

फळ्या मी घरी करवतीने कापू दिल्या नाहीत. पॅनेल सॉवर (फळ्या सरळ कापायच्या मोठ्या यंत्रावर) नेऊन चारही फळ्या एकाच मापावर कापून घेतल्या, ६०० रुपये. सगळ्या ५६४, दोन टोकांत अर्ध्या मिमीचाही फरक नाही. मामा आधी थोडे नाराज दिसले. पण फळ्या बसवताना काटकोन आपोआप जुळला तेव्हा त्यांनी स्वतः गुण्या लावून बघितला आणि म्हणाले, "पुढच्या कामाला बी हितंच कापून घेऊ की."

कपाट भिंतीवरून सोडवायला दुपार गेली. आतले धान्याचे डबे, मसाल्याच्या बरण्या, पितळी डबा, सगळं आईच्या खोलीत. रात्री स्वयंपाक अंगणातल्या स्टोव्हवर.

५ मे

कपाट उभं राहिलं. यावेळी स्क्रू आवळायच्या आधी ५६४ मापाचा एक पट्टा मधोमध तात्पुरता अडकवून ठेवला, म्हणजे बाजू आत ओढल्या जाणार नाहीत. लॅमिनेट लावल्यावर मोजलं: ५६२.१, ५६१.८, ५६२.३. मी मामांचा हात हातात घेतला.

भिंतीला बांधताना नवी अडचण. जुनी भिंत, चुन्याचा गिलावा. गिट्टी (भिंतीत स्क्रू धरणारी छोटी नळी) घालून स्क्रू पिळला की गिलाव्यासकट बाहेर. दार उघडून त्यावर भरलेला ट्रे टेकवला तर उंच कपाट पुढे झुकू शकतं, त्यामुळे हे सोडून देण्यासारखं नव्हतं. गिलावा सोडून थेट दगडात पाच इंच भोक पाडलं, लांब अँकर बोल्ट घातला आणि लोखंडी कोनाने कपाटाचा माथा धरला. दोन कोन. ओढून बघितलं, हललं नाही.

ओव्हन कोरडा सरकवून बघितला. दोन बोटांनी ढकलला तसा गेला. परत बाहेर काढला, वायरिंग बाकी आहे.

१० मे

वायरमन अण्णा आले. मी त्यांना ओव्हनच्या बरोबर मागे सॉकेट दाखवलं, तिथे मी आधीच जागा आखली होती. त्यांनी मान हलवली. "ब्याडरी, ब्याडरी!" म्हणजे कानडीत "नको हो". मग मोडक्या मराठीत समजावून सांगितलं. मागे प्लग आला की ओव्हन दोन इंच पुढे राहतो. शिवाय काही झालं तर प्लग काढायला ३४ किलोचा ओव्हन बाहेर ओढावा लागणार. सॉकेट शेजारच्या खालच्या कपाटात, हात पोचेल असं घेतलं. बाजूच्या प्लायला केबलपुरतं भोक पाडलं आणि त्याच्या कडेला रबरी कडी घातली, नाहीतर प्लायच्या धारेनं केबलचं आवरण कापलं जातं.

मुख्य बोर्डापासून वेगळी लाइन: ४ चौरस मिमी तांब्याची फेज आणि न्यूट्रल, २.५ ची अर्थ. १६ अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. करंटची गळती झाली की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरात आधीपासून होता, बटण दाबून तो पडतो का ते तपासलं. पडला.

मग अण्णांनी न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजलं. १४ व्होल्ट. असं नको. मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत झाला होता, जांभ्या जमिनीत पाणी टिकत नाही. पट्टीचा नट गंजलेला. खड्डा उकरला, नवी पट्टी, कोळसा, मीठ, चार घागरी पाणी. नंतर २ व्होल्टच्या खाली आलं. ओव्हनचं सगळं अंग पत्र्याचं आहे आणि ओल्या हातांनी माणूस त्याला धरतो. हे काम ओव्हन आला नसता तरी करायला हवं होतं.

घराचा मंजूर भार ३ किलोवॅट होता. एकट्या ओव्हनला जवळपास तेवढा लागतो. भार वाढवून घ्यायचा अर्ज हेस्कॉमला (इथल्या वीज कंपनीला) दिला.

११ मे

ओव्हन आत. स्क्रू अजून मारले नाहीत. पहिल्यांदा रिकामा २५० अंशांवर तासभर चालवायचा असतो, आतलं तेल आणि ग्रीस जळून जाण्यासाठी. खिडक्या उघड्या ठेवल्या. वास अपेक्षेइतकाच आला.

अपेक्षा नव्हती ती पुढची गोष्ट. पाऊण तासानं वरच्या कप्प्याच्या फळीला हात लावला तर चटका बसण्याच्या बेतात. शॉपमधली इन्फ्रारेड गन (लांबून तापमान मोजणारी) लावली: तूरडाळीचा डबा ठेवतो त्या जागी ६२ अंश. बाजूच्या प्लायच्या काठाची पीव्हीसी पट्टी सुटून वाकली होती. ओव्हन बंद केल्यावरही आतला थंड करणारा पंखा बराच वेळ फिरत राहिला.

कारण शोधायला अवघड नव्हतं. ओव्हनच्या मागचा ६ मिमीचा प्लाय आम्ही कापून काढला होता आणि एवढ्यावर काम झालं असं समजलो होतो. पण हवा येणार कुठून? तळफळी भिंतीपर्यंत पूर्ण, वरची फळीही पूर्ण. मागची जागा म्हणजे बंद खोकं. मागे कोंडलेली गरम हवाच पंखा पुन्हा पुन्हा ओढून घेतो.

बायकोनं विचारलं, "अहो, डाळीला कीड लागेल का इतक्या उष्णतेनं?" डाळ लगेच हलवली.

१८ मे

मामांचा अर्धा दिवस. चुलीचं धुराडं जसं खालून हवा घेतं आणि वरून सोडतं, तसा रस्ता केला. तळफळीच्या मागच्या काठाला ५० मिमी रुंद आणि ५०० लांब खाच. तिच्याखालच्या फळ्यांनाही तशीच. खाली स्कर्टिंगच्या (कपाटाच्या पायथ्याच्या) पट्टीत आडवी चीर, तिथून खोलीतली थंड हवा आत. वरच्या फळ्यांच्या मागे तशीच ५० मिमीची वाट, थेट कपाटाच्या माथ्यापर्यंत. माथा आणि छत यांच्यामध्ये एक फूट मोकळं आहे, गरम हवा तिथून बाहेर पडते. तळफळीचा मागचा आधार खाचेच्या पुढे सरकवून घेतला, नाहीतर खाच पाडून फळी कमजोर झाली असती.

खाच पाडली म्हणजे उंदरांना वाट दिली. खालच्या कप्प्यात ज्वारी असते. म्हणून स्टीलची ६ मिमी भोकांची जाळी मारली. मच्छरजाळी लावू नये. तिच्यावर पिठाचा आणि तेलाचा थर बसतो आणि हवा पुन्हा कोंडते.

सुटलेली काठाची पट्टी काढून टाकली. ओव्हनच्या शेजारच्या दोन्ही काठांना आता पीव्हीसीऐवजी लॅमिनेटचीच बारीक पट्टी लावली आहे.

पुन्हा २५० वर तासभर. त्याच जागी ४१ अंश. पंखाही ओव्हन बंद केल्यावर लवकर थांबला. माझ्या मते हे सगळ्या कामातलं सर्वांत महत्त्वाचं काम, आणि दुकानात, फोनवर, कुणीही त्याबद्दल आपणहून बोललं नव्हतं.

२५ मे

चार दिवस पावसाची झड. यंदा मे महिन्यातच जोर धरलाय. लाइट येते-जाते. काम रखडलं.

आज स्क्रू. पहिला स्क्रू सरळ पिळला आणि प्लायचा काठ फुटला, थर उघडले. बारीक ड्रिलने आधी भोक पाडायला हवं होतं. फुटलेल्या जागी फेव्हिकॉल भरून क्लॅम्प लावून ठेवला, बाकी तीन आधी भोक पाडून मारले. स्पिरिट लेव्हल ट्रेवर ठेवून बघितली, ओव्हनच्या माथ्यावर नव्हे. केक ट्रेवर फुगतो, माथ्यावर नाही. उजवीकडे दीड मिमी उतार होता, तळाखाली लॅमिनेटचे दोन तुकडे घालून सरळ केला.

शटर आता ५ मिमीनं अरुंद पडतात. बिजागरीचे स्क्रू फिरवून मध्ये आणली, दोन्ही बाजूंना अडीच अडीच मिमी फट दिसते. नवी शटर केली असती तर आणखी खर्च. राहू दे.

१ जून

चौथा स्क्रू मारला, धरला.

हिशेब. ओव्हन सोडून: प्लाय ३,७७६, लॅमिनेट-पट्ट्या-स्क्रू-डिंक १,१५०, कापणावळ ६००, मामांचे साडेचार दिवस १,३०० प्रमाणे ५,८५०, हेल्पर दोन दिवस १,५००, वायर-एमसीबी-सॉकेट-मजुरी-अर्थिंग मिळून ६,८५६, कोन-बोल्ट-जाळी ६४०. एकूण २०,३७२ रुपये. यातले मामांचे पहिले दोन दिवस आणि हेल्परचा एक, म्हणजे ३,३५० रुपये, त्या १३ एप्रिलच्या वहीतल्या ५६० मुळे गेले. ओव्हन घ्यायच्या आधी कपाटाचं माप घेतलं असतं तर प्लायचं शीट आणि कपाट सोडवणं तरीही लागलंच असतं, पण शटर नव्या रुंदीला बसतील अशी करता आली असती. वेळ सात आठवडे, त्यातलं प्रत्यक्ष काम आठ-नऊ दिवसांचं.

आज दुपारी आईने नानकटाईचं पीठ मळलं. तूप, पिठीसाखर, मैदा, थोडं बेसन, थोडा रवा, वेलची. दोन ट्रे एकदम, मधल्या आणि खालच्या खोबणीत, पंख्यासह १६० अंश. अठरा मिनिटांनी खालच्या ट्रेची डावी मागची ओळ जास्त लाल झाली, बाकी सारख्या. पुढच्या वेळी दहाव्या मिनिटाला ट्रे फिरवून आणि वर-खाली बदलून बघायचे आहेत. आईने ट्रे स्वतः काढला, न वाकता. पहिली डबी मामांकडे खानापूरला पाठवली, दुसरी अण्णांना.

बाकी आहे: स्कर्टिंगच्या चिरेवर झाकणारी पट्टी, हेस्कॉमकडून वाढीव भाराची मंजुरी, आणि पावसाळा संपल्यावर प्लाय फुगून ५६२ चे किती राहतात ते पुन्हा मोजणे.